वाड्याच्या माळ्यावरचं पिस्तूल: रंजक, टोपी की काडतूस?

होळी झाली की आमच्याकडे जुनी घरं पडायला लागतात. मृगाच्या आत स्लॅब पडला पाहिजे म्हणून धाब्याची माती घाईघाईनं खाली ओढतात, आणि मातीबरोबर पणजोबांचा संसारही खाली येतो. पितळी पानपुडा, मोडीतले कागद, बैलाच्या गळ्यातल्या घाट्या, कधी गंजलेला खंजीर. आणि पाच-सात वर्षांतून एखाद्या वेळी तेलकट फडक्यात गुंडाळलेलं तळहाताएवढं पिस्तूल. मग मला फोन येतो, "मास्तर, येता का जराक? कायतरी निंघालं."

मी शाळेत इतिहास शिकवायचो. हत्यारं जमवत नाही. पाहतो, मोजतो, वहीत लिहितो आणि पोलिसांकडे नेऊन द्या म्हणून सांगतो. घरचे दोनच प्रश्न विचारतात. हे किती जुनं, आणि याची गोळी कुठं मिळंल? दुसऱ्या प्रश्नाला माझं एकच उत्तर असतं: मिळत नाही, शोधायचीही नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र बहुतेक वेळा त्या पिस्तुलावरच असतं. त्यासाठी कंपनीचं नाव लागत नाही. दारूला आग कोणत्या वाटेनं लागत होती, तेवढं शोधायचं.

ही छोटी पिस्तुलं आपल्या भागात आली कशी, याचा माझा तर्क असा. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि त्याच सुमारास नागपूरकर भोसल्यांचं राज्यही गेलं. पुढे कापसाला भाव आला, १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली. सावकार, मालगुजार, कापसाचे अडते रोकड घेऊन रेंगीतून रातबेरात फिरायचे. लांब बंदूक रेंगीत अडचणीची, हे मात्र बंडीच्या खिशात मावायचं. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं परवाना सक्तीचा केल्यावर बरीचशी माळ्यावर गेली असावीत.

आधी हात मागे

सापडलेली वस्तू जमिनीवर, रिकाम्या भिंतीकडे तोंड करून ठेवा. लेकरांना अंगणाबाहेर काढा. घोडा मागे ओढून पाहायचा नाही, चाप दाबून पाहायचा नाही, "चालतं का" हा प्रयोग तर अजिबात नाही. ही पिस्तुलं चोर-दरोडेखोरांच्या भीतीनं भरूनच ठेवलेली असायची, आणि तोंडाकडून भरलेलं पिस्तूल भरलेलं आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात तिथल्या यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना एक अनुभवी संग्राहक जागीच गेला. ते युद्ध संपून १४३ वर्षं झाली होती.

आता लांबूनच पाहा. नळीच्या मागच्या टोकाला उभी बारीक नळी असेल आणि तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसलेली असेल, तर पाहणी तिथंच संपली, ठाण्यात फोन करा. रिव्हॉल्व्हर असेल आणि चक्राच्या, म्हणजे गोळ्यांची घरं असलेल्या फिरत्या भागाच्या, मागच्या फटीतून धातूच्या चकत्या दिसत असतील, तरी तेच. चक्र फिरवून मोजायला जाऊ नका.

टोपी नाही, चकमकीचा दगडही नाही, घोडा खाली टेकलेला आहे, असं असेल तर नळीची खोली मोजता येते. बांबूची बारीक कामटी घ्या, लोखंडी सळई नको. बाजूला बसून, चेहरा आणि छाती नळीच्या रेषेत येऊ न देता, ती अलगद आत सरकवा. अडली तिथं तोंडाशी खूण करा आणि तीच कामटी नळीच्या बाहेरून लावून पाहा. टोक कानापाशी, म्हणजे आग आत जाण्याच्या भोकापाशी पोचलं, तर नळी रिकामी. अंगठाभर आधीच अडली, तर आत दारू आणि गोळी आहे असं धरून चाला. मग कामटीनं ठोकायचं नाही, काही उकरून काढायचं नाही.

आगीची वाट

हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून इथं जरा पाल्हाळ होईल.

बंदुकीत दोन दारवा असतात हे आधी डोक्यात घ्या. आतली दारू गोळी ढकलते. तिला पेटवायला बाहेर चिमूटभर वेगळी दारू लागते, तिला आपल्याकडे रंजक म्हणत. मराठ्यांच्या तोफांच्या कानात भरायचे ती हीच. पिस्तुलाचा चारशे वर्षांचा इतिहास म्हणजे या रंजकीचं ठिकाण बदलत गेल्याचा इतिहास आहे. आधी ती उघड्या वाटीत होती, मग टोपीत गेली, शेवटी काडतुसाच्या बुडाशी जाऊन बसली. तोड्याच्या बंदुकीत जळती वात थेट रंजकीला लावत. खिशात जळती वात घेऊन कोण फिरणार? म्हणून खिशातलं पिस्तूल खऱ्या अर्थानं चकमकीपासून सुरू होतं.

चकमकीचं पिस्तूल ओळखायला सोपं. घोड्याच्या तोंडात दगड धरायचा चिमटा असतो, समोर पोलादाची उभी पट्टी आणि तिच्याखाली रंजकीची छोटी वाटी. दगड पट्टीवर घासतो, पट्टी पुढे उलटते, वाटी उघडते, ठिणग्या रंजकीत पडतात आणि ज्वाळा कानातून आत जाते. ही रचना सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पक्की झाली आणि दोनशे वर्षं टिकली. खिशातल्या प्रकारात घोडा बाजूला नसून मधोमध असतो, म्हणजे कापडात अडकत नाही. काहींचा चाप आत दडलेला असतो, घोडा ताणला की बाहेर येतो. इंग्लंडच्या अशा पिस्तुलांची नळी बाटलीच्या झाकणासारखी आटे फिरवून सुटते. गोळी मागून बसवायची आणि नळी पुन्हा आवळायची. गोळी नळीच्या भोकापेक्षा जरा जाड असते. मघाची कामटी अशा पिस्तुलात थेट गोळीवर अडते, हे ध्यानात ठेवा.

चकमकीचा मोठा दोष दोन टप्प्यांत होता. आधी वाटीत भडका, मग क्षणभरानं आवाज. स्कॉटलंडमध्ये बेलहेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यांना रानपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. भडका दिसला की पाखरं उडून जात आणि गोळी मागून पोचे. वैतागलेल्या पाद्रीबुवांनी ठोका बसताच फुटणारी रसायनं रंजकीच्या जागी वापरून १८०७ मध्ये पेटंट घेतलं. त्याआधी सातच वर्षं, १८०० मध्ये, एडवर्ड हॉवर्ड यांनी मर्क्युरी फुल्मिनेट जगापुढे आणलं होतं. पुढे टोप्यांमध्ये हेच पदार्थ आले. एका पाद्र्याच्या चुकलेल्या बारापायी जगभरची सैन्यं बदलली याची मला अजूनही गंमत वाटते.

१८२० च्या सुमारास हेच मिश्रण तांब्याच्या टोपीत आलं आणि पोकळ निपलवर, म्हणजे मघाच्या त्या उभ्या बारीक नळीवर, बसलं. घोडा आपटला की टोपी फुटते आणि ज्वाळा निपलमधून आत जाते. पाऊस-वाऱ्याचं भय गेलं. टोपीच्या पिस्तुलाचा घोडा साध्या हातोडीसारखा असतो, पण त्याच्या तोंडाला खोलगट वाटी असते, टोपीच्या चिंध्या डोळ्यात उडू नयेत म्हणून. गडचिरोलीकडे ज्या भरमार, म्हणजे तोंडाकडून भरायच्या, बंदुकांच्या बातम्या येतात, त्यांतही बहुधा हीच युक्ती असते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरनं बनवलेलं असंच एकबारी पिस्तूल १४ एप्रिल १८६५ च्या रात्री अब्राहम लिंकनवर झाडलं गेलं. लोक आजही कुठल्याही छोट्या पिस्तुलाला डेरिंजर म्हणतात, ते तिथून आलेलं.

एक फसवणूक सांभाळा. १८२० ते १८५० या काळात चकमकीची असंख्य पिस्तुलं टोपीवर वळवली गेली. वाटी आणि पट्टी काढली, कानाच्या जागी निपलचा खुंट ठोकला. बाजूच्या पत्र्यावर बुजवलेली स्क्रूची भोकं दिसली, तर एका पिस्तुलात दोन पिढ्या आहेत असं समजा. वहीत दोन्ही लिहा.

याच काळात रंजकीचे आणखी प्रकार निघाले आणि विरले. त्यांतला एकच सांगतो, कारण तो तुम्ही लहानपणी हाताळलेला आहे. वॉशिंग्टनचे दंतवैद्य एडवर्ड मेनार्ड यांनी १८४५ मध्ये कागदी पट्टीचं पेटंट घेतलं. कागदाच्या दोन पदरांत फुल्मिनेटचे ठिपके आणि घोडा ताणला की पट्टी एक घर पुढे. दिवाळीतली लाल टिकल्यांची गुंडाळी आठवा, तीच कल्पना. खिशातल्या काही रिव्हॉल्व्हरनाही ती बसवली होती. कागद ओलावला की सारं फसायचं, आणि आपल्या आषाढात तर विचारूच नका.

काडतुसाच्या पोटात शिरलेली रंजक

काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं. पण ते दातांनी फाडायचं काडतूस कागदाचं होतं. त्यात फक्त दारू आणि गोळी, टोपी वेगळीच लावायची. तिन्ही गोष्टी एकत्र बांधलेलं काडतूस फ्रान्समध्ये रुळलं. कॅसिमीर लेफोशे यांनी १८३५ च्या सुमारास खिळ्याचं काडतूस आणलं. पितळी घराच्या बुडाशी आडवा खिळा बाहेर डोकावतो, त्याच्यावर घोडा आपटला की खिळा आतल्या टोपीत घुसतो. ओळखीची खूण म्हणजे चक्राच्या मागच्या कडेला प्रत्येक घरासमोर कोरलेली खाच, आणि वरून सपाट आपटणारा घोडा. मापं पाच, सात, नऊ, बारा मिलिमीटर. बेल्जियमच्या लिएज शहरानं अशी स्वस्त खिशातली रिव्हॉल्व्हरं ढिगानं बनवली, आणि मी पाहिलेल्यांत हीच जास्त.

या काडतुसाचा खिळा बाहेर असल्यामुळे ते खाली पडलं किंवा खिळ्यावर काही आपटलं तरी उडू शकतं. माझी चूक सांगतो. पहिल्यांदा एका वाड्यात तंबाखूचा पत्र्याचा डबा हातात दिला, तेव्हा आत काय वाजतंय हे पाहायला मी तो कानाशी धरून हलवला. आत सात मिलिमीटरची अकरा काडतुसं होती. माझ्या हातून डबा काढून घेणारी घरची सूनबाई शहाणी निघाली. "मास्तर, खुळखुळा हाय का तो?" असं तिनं विचारलं, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढची पायरी काठाची. रंजक काडतुसाच्या बुडाच्या दुमडलेल्या काठातच भरायची आणि घोड्यानं काठावर टोचायचं. स्मिथ अँड वेसनचं १८५७ चं छोटं रिव्हॉल्व्हर .२२ मापाच्या अशा काडतुसावर चाललं, आणि ते .२२ शॉर्ट आजही कारखान्यात बनतं. उलट रेमिंग्टनच्या दुनळी डेरिंजरचं .४१ काडतूस त्या पिस्तुलाबरोबरच मागे पडलं. त्या पिस्तुलाचं उत्पादन १८६६ ते १९३५ असं चाललं होतं. काठावरच्या रचनेत घोड्याचं नाक छिन्नीसारखं असतं आणि मध्यापासून सरकून वर किंवा खाली टोचतं. काडतूस मागून भरता यावं म्हणून चक्र आरपार पोखरण्याचं पेटंट रोलिन व्हाइट यांच्याकडे होतं आणि ते १८६९ पर्यंत चाललं. ते चुकवायला अमेरिकन कारखान्यांनी समोरून भरायची, बुडाला बोंडी असलेली विचित्र काडतुसं काढली. ती कुणाच्या माळ्यावर निघाली तर मला जरूर कळवा.

शेवटी रंजकीची टोपी बुडाच्या मधोमध आली. १८६६ मध्ये दोन रचना जवळजवळ एकदमच निघाल्या, इंग्लंडच्या बॉक्सरांची आणि अमेरिकेच्या बर्डनची. पुढे अमेरिकेनं इंग्रजाची उचलली आणि युरोपानं अमेरिकनाची, लग्नात चपला बदलाव्यात तशी. अशा पिस्तुलात घोड्यासमोरच्या पत्र्यात मधोमध एकच बारीक भोक दिसतं. वेब्लीचं आखूड बुलडॉग १८७२ चं, आणि १८९० च्या दशकातलं गालाँचं वेलो-डॉग सायकलस्वारांच्या मागे लागणाऱ्या कुत्र्यांसाठी काढलेलं. आमच्या एसटी स्टँडवरचे कुत्रे पाहिले की गालाँसाहेबांची अडचण समजते, उपाय मात्र पटत नाही.

शिक्के आणि मापं

नळीच्या खालच्या अंगाला, चक्रावर, चापाच्या कडीवर भिंगानं पाहा. मुकुटाखाली जीपी ही जोडाक्षरं लंडनची. लंबगोलात ईएलजी म्हणजे लिएज, आणि त्या लंबगोलावर मुकुट असेल तर शिक्का १८९३ किंवा त्यानंतरचा. बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ मध्ये सुरू झालं. हे शिक्के नळी दारूच्या दाबाला टिकली एवढंच सांगतात, बनवणाऱ्याचं नाव नव्हे. नळीचं भोक सोनाराकडच्या व्हर्नियरनं मोजा. म्हणजे व्हर्नियर घरी आणा, पिस्तूल सराफ्यात नेऊ नका. एखादा स्क्रू चौफुली खाचेचा निघाला, तर तो भाग विसाव्या शतकातला. शोभेच्या दुकानांतली पितळ ठोकलेली चकमकीची पिस्तुलं मी याच एका खुणेवर तीनदा ओळखली.

रिकामी पुंगळी मिळाली तर बुडाचा ठसा वाचा. किनॉक, इली ही नावं इंग्रजी. काठाच्या काडतुसावर नुसता एच असेल तर विंचेस्टर, त्यांच्या कारखान्यातल्या हेन्रींच्या नावावरून.

भरलेल्या काडतुसांची पितळ आडवी-उभी तडकलेली दिसली तर नवल करू नका. ब्रिटिश लष्कराला हा रोग आपल्याच देशात समजला. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं तडकायची, पाऊस ओसरला तरी भेगा राहायच्या. घोड्यांच्या मुताचा अमोनिया ताणलेल्या पितळेला फोडतो हे १९२१ मध्ये सिद्ध झालं. आपल्याकडे गोठ्याच्या आडव्याला टांगलेल्या गाठोड्यात हेच होतं. तडकलेलं काडतूस मेलेलं नसतं. रॉकेलात बुडवून, उन्हात टाकून किंवा चुलीत घालून ते निकामी करण्याचे गावठी उपाय ऐकले असतील, तर विसरा.

"जुनं" आणि कायदा

इथं इंटरनेटनं बराच घोळ घातला आहे. अमेरिकेत १८९८ पर्यंतची पिस्तुलं संघीय कायद्यानं मोकळी आहेत. ब्रिटनमध्ये बाद झालेल्या काडतुसांची सरकारी यादी आहे, आणि तिथंही २०२१ मध्ये सात मापं त्या यादीतून काढली, त्यांत खिशातल्या रिव्हॉल्व्हरची .३२० आणि .४४२ ही दोन्ही. म्हणजे कालपर्यंत शोभेची असलेली वस्तू एका नियमानं परवान्याची झाली. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात अशी यादी नाही. कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुनाट नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला, पण दुरुस्ती करून वा न करता ते बंदूक म्हणून वापरता येत नसेल तरच. हा "तरच" सगळ्यांत महत्त्वाचा. ते ठरवायचं काम तुमचं नाही, माझंही नाही. गावातल्या लोहारानं "हे कायचं चालते" म्हणून सांगितलं, तर त्याचा कागद कुणी मानत नाही.

म्हणून क्रम असा. सापडल्याच्या जागीच फोटो काढा, दोन माणसांना दाखवा, तारीख लिहा. मग ठाण्यात फोन करून अंमलदाराला घरी बोलवा. स्वतः पिशवीत घालून एसटीनं नेऊ नका, भरलेली काडतुसं तर हलवूच नका. लेखी अर्ज द्या: कुठं सापडलं, घर कुणाचं, आजोबा-पणजोबांच्या नावावर परवाना होता का. जुना परवाना कधी कधी त्याच संदुकीत असतो, पंचांग आणि सातबाराच्या मध्ये. वस्तू जमा झाली की पोच मागून घ्या. ठेवायचं असेल तर पुढचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे.

वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुराणवस्तू कायदाही लागतो. ती देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार परवान्याशिवाय होत नाही. "ऑनलाइन टाकू का?" या प्रश्नाचं उत्तर यातच आलं.

परत मिळालंच तर

चिंच, लिंबू, राख, दिवाळीच्या भांड्यांचं पावडर यांतलं काहीही लावू नका. बारीक शिक्के त्यानंच पुसले जातात, आणि शिक्का गेला की वयाचा पुरावा गेला. मऊ कोरडं फडकं आणि मशीनच्या हलक्या तेलाचा अगदी पातळ हात पुरे. जवसाचं तेल घरात आहे म्हणून चोपडतात, पण ते वाळून चिकट पापुद्रा होतं आणि घोडा जाम करतं. जुन्या टोप्यांमधल्या क्षारांमुळे निपलभोवती गंजाचे खड्डे पडलेले असतात, ते घासून गुळगुळीत करू नका. दस्त्याचं लाकूड ओल्या भिंतीपासून लांब ठेवा, युरियाच्या पोत्यांपासूनही.

नागपूरच्या अजब बंगल्यात एक दिवस काढा. १८६३ पासूनचं हे संग्रहालय आहे. तिथल्या हत्यारांपुढे उभं राहून घोडा, वाटी, निपल, खाच एवढंच शोधत जा, पाटी शेवटी वाचा. माझ्या शाळेतली पोरं पाटी झाकून पैज लावायची, आणि चकमकीवरून टोपीवर वळवलेलं पिस्तूल निघालं की हमखास हरायची.